मिठाची मूठ

घाटकोपरच्या आमच्या चाळीत कुणाचं बाळ किरकिरलं की माझी शेजारीण मीठ-मोहरी घेऊन हजर. "नजर लागली गं, दुसरं काय!" म्हणत दृष्ट काढायची आणि मूठ शेगडीत फेकायची. तिचा पहिला मुलगा जन्मानंतर महिन्याभरातच उलट्या होऊन गेला होता. त्याच्या पाठची मुलगीही तशीच सुकू लागली, तेव्हा इस्पितळात कळलं, आजार आनुवंशिक आहे. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींत हार्मोन नीट बनत नाही, म्हणून अंगात मीठच टिकत नाही. गोळ्या आणि दुधातून मीठ देऊन पोरगी वाचली.

त्यानंतर एकदा माझं बाळ रडायचं थांबेना. मी मुठीत मीठ-मोहरी घेऊनच तिला हाक मारली. तिने माझी मूठ घट्ट धरली.

"ह्या मिठावाचून माझा पोरगा गेला गं. आणि मी रोज त्याच्यावरून उतरवून ते जाळत होते."