रिलेची टिक

बोर्डाला वीज देताना शंकरकाका हात पाठीमागे बांधून उभे राहत. बोर्डावरचा दिवा स्थिर झाला की मगच हात पुढे येत. एरवी हा माणूस एका जागी दोन मिनिटं टिकायचा नाही. चहासुद्धा फेऱ्या मारत प्यायचा.

वर्ध्यातल्या आमच्या छोट्या कारखान्यात शेतातल्या मोटारी चालू-बंद करणारे कंट्रोलर बनत. काका ते तपासत. मी त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर लिहायचे, म्हणजे बोर्डावरच्या एकेका भागाला जागं करणारा प्रोग्राम. आधी कोणाला उठवायचं आणि मग कोणाला, हा क्रम माझा. त्याचा मला फार तोरा होता.

"बाई, रिले काऊन वाजून राह्यला? मोटार तं बंद हाये," काकांनी एका दुपारी विचारलं.

रिले म्हणजे मोटारीची वीज जोडणारा-तोडणारा स्विच; वीज जोडली की तो टिक वाजतो. मी क्रम दिसायला सुटसुटीत लावला होता. सगळ्या पिना आधी उघडायच्या, मग सेन्सर जागे करायचे, शेवटी मोटारीला 'बंद' सांगायचं. त्यामुळे बोर्डाला वीज मिळाली की 'बंद' सांगेपर्यंत अर्धा सेकंद मोटार चालू व्हायची.

"अर्धा सेकंद तर आहे," मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी आंजी गावात शेतकऱ्यांना कंट्रोलर दाखवायचा होता आणि मला नुसती घाई झाली होती.

"तुले कमी वाटत असन. हाताले नाई वाटत. आधी 'बंद' सांग, मंग दार उघड."

मी मान डोलावली आणि बोर्ड तसाच नेला. काकाही सोबत आले.

आंजीला वांग्याच्या वावरात ऐन वेळी वीज गेली. मोटार आणि पंपाच्या मधल्या जोडात दोरी अडकली होती. ती काढायला शेताचे मालक वामनभाऊ यांनी हात घातला आणि वीज आली. रिले वाजला. टिक.

मोटार हलली नाही. वीज जाताच काढून ठेवलेला मोटारीचा फ्यूज काकांनी खिशातून काढून फक्त मला दाखवला.

परतताना गाडीत ते म्हणाले, "माह्या भावाचे दोन बोटं असेच गेलते. तवापासून मी हात मागं ठेवतो."

मला फार लाज वाटली. त्याच संध्याकाळी क्रम बदलला.

काकांच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांना सांगितलं, "काका, आता रिले वाजत नाही."

"तरी फ्यूज काढत जाजो."

काका गेले. माझ्या ड्रायव्हरची पहिली ओळ आता 'बंद'चीच असते. तरी वीज देताना माझे हात पाठीमागे जातात, आणि कान टवकारून मी ती टिक ऐकू येते का ते बघत राहते.