फ्रेंडलीबाईचं लेबल

सौरव सर नुसते रागावले असते, तर प्रेमिला मेश्राम विसरली असती. ते हसले.

वाडीच्या गोदामात ती खोक्यांवर मार्करने लेबलं लिहायची. सुपरवायझर व्हायचं तर इंग्रजी हवं, म्हणून टायरच्या दुकानावरच्या त्यांच्या क्लासला जाऊ लागली. पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं, शेवटी 'ली' दिसलं की डोळे मिटून अ‍ॅडव्हर्ब. तिसऱ्या दिवशी विचारलं, "फ्रेंडली?"

"अ‍ॅडव्हर्ब," प्रेमिला ताडकन उठली.

"अ‍ॅडजेक्टिव्ह!"

"तुम्हीच तर सांगितलं न सर, 'ली' दिसलं की..."

"खोकी उचलून उचलून डोकंही पुठ्ठ्याचं झालं हिचं!"

सर हसले, वर्गही खदखदून हसला. तास संपेपर्यंत सरांनी तिला फळ्याजवळ उभं ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून टपरीवर, जिन्यात, एकच हाक: "ओ फ्रेंडलीबाई!"

"जाऊ दे न वं," बहीण मिनल म्हणाली.

"काहून जाऊ देऊ? त्याच फळ्यापाशी उभा करीन त्याले. तवाच सोडीन."

पुस्तकं चाळून डोकं दुखलं. उमगलं ते गोदामात. काचेच्या मालावर तिने 'नाजूक' चिकटवलं आणि हमालावर ओरडली, "नत्थूभाऊ, हळू ठेव गा!" ओरडता ओरडताच थबकली. लेबल मालाले, ते अ‍ॅडजेक्टिव्ह. सूचना कामाले, ते अ‍ॅडव्हर्ब. बस, एवढंच?

वर्षभराने तिने सरांच्याच जिन्याखालची खोली भाड्याने घेऊन स्वतःचा क्लास काढला. संध्याकाळी पोरं वर जायला निघायची आणि तिच्या दाराशी अडकायची. आत बाकावर 'ओल्ड', दप्तरावर 'हेवी', एकीच्या कपाळावर 'क्लेव्हर' चिकटलेलं. अ‍ॅडव्हर्बला मात्र लेबल नाही, ते करून दाखवायचं. "स्लोली चाल! लाउडली ओरड!" ते ओरडणं वर सरांच्या वर्गात ऐकू जायचं. प्रेमिला मुद्दाम दार उघडं ठेवायची.

वरचे बाक रिकामे झाले. सरांनी सामान विकायला काढलं, तेव्हा प्रेमिलाने फक्त फळा घेतला. चार दिवसांनी सर स्वतःच खाली आले.

"मॅडम, एखादी बॅच मिळेल का?"

"डेमो द्या न."

समोर वीस पोरं. मागे तोच फळा. सरांनी घसा साफ केला. "बघा, शेवटी 'ली' दिसलं की..." आणि त्यांची जीभ अडखळली.

प्रेमिला उठली. एक लेबल घेतलं, त्यावर ठसठशीत 'फ्रेंडली' लिहिलं आणि सरांच्या शर्टावर तळहाताने दाबून बसवलं.

"पोट्टेहो, हे कोणाले चिकटलं?"

"सरले!"

"मंग काय झालं?"

"अ‍ॅडजेक्टिव्ह!"

"सर, तास संपेपर्यंत असेच उभे राहा."

ते राहिले. सकाळी सहाची बॅच त्यांना मिळाली.

"आता तरी झालं न समाधान?" मिनलने विचारलं.

प्रेमिलाने मार्करचं टोपण लावलं. "रोज तेच लेबल लावून येजा म्हटलं त्याले. पोट्टे आत्ता कुठं हाक मारायले शिकून राहिले."

बाहेर जिन्यात कोणीतरी लाउडली ओरडलं, "ओ फ्रेंडलीसर!"