गुलाबीतले अकरा राघू

अंबाजोगाईच्या आमच्या फोटो स्टुडिओत संगणक आणि रंगीत प्रिंटर आला, तेव्हा मी औरंगाबादहून संगणकाचा कोर्स करून नुकतीच परतले होते आणि जमिनीपासून चार बोटं वर चालत होते. माझे वडील, अप्पा, डार्करूममध्ये वाढलेले. लग्नांचे फोटो तेच काढायचे. संगणकाला ते नुसतं 'तुझं ते' म्हणायचे, आणि मला त्याचा भयंकर राग यायचा.

एका सकाळी धारूरच्या मावशी आल्या. नात्याच्या नव्हेत, पण सगळे त्यांना मावशीच म्हणायचे. त्या ब्लाउज शिवायच्या आणि भरतकाम करायच्या. लेकीच्या लग्नासाठी त्यांनी राणी रंगाचा शेला भरला होता. गुलाबी कापडावर जरासा गडद गुलाबी दोरा, वेल आणि वेलीवर अकरा राघू. आता आमच्या गावातल्या एका साडीवाल्यानं त्यांना कामाचा नमुना दाखवायला सांगितलं होतं. पसंत पडला तर वर्षभर शेले भरायला देणार होता. नमुना मात्र लेकीबरोबर सासरी गेलेला. उरला होता अप्पांनी मांडवात काढलेला फोटो.

"थोरला करून दे, पोरी," मावशी म्हणाल्या. "राघू तेवढे दिसले पाह्यजेत. एक वाजता बोलावलंय त्यानं."

मी निगेटिव्ह स्कॅन केली. पडद्यावर शेल्याचा गुलाबी असा पेटला की मी खुर्चीतच उडाले. पीस न् पीस दिसत होतं. मावशींनी काचेवर बोट ठेवून अकरा राघू मोजले, आणि मी ऐटीत छपाईचं बटण दाबलं.

कागद इंच इंच बाहेर आला. लेकीचं तोंड हुबेहूब. हळदीचा पिवळा हुबेहूब. आणि शेल्याच्या जागी गुलाबी रंगाचा सपाट चौथरा. ना वेल, ना पक्षी.

"माझे राघू कुटं गेले?" मावशींनी अगदी हळू विचारलं.

मी शाईला दोष दिला, कागदाला दिला, व्होल्टेजलाही दिला. पुन्हा छापलं, पुन्हा चौथरा. दुसरी प्रत मी चुरगळून कोपऱ्यात भिरकावली.

"कागदावर काहून राग काढायलीस?" अप्पा म्हणाले. "तुझ्या त्यालाच इचार की."

चिडून मी छपाईच्या खिडकीतलं एकेक बटण उघडत सुटले, आणि तळाशी रंगाच्या प्रोफाइलचे तीन-चार पर्याय सापडले. कोर्समध्ये हे मी घोकलं होतं, कळलं काहीच नव्हतं. त्या क्षणी कळलं. पडदा उजेडानं रंग दाखवतो, कागदाला शाईवर भागवावं लागतं, आणि शाईला इतका झळझळीत गुलाबी जमतच नाही. प्रोफाइल म्हणजे कुठला रंग शाईत कसा बसवायचा याचा हिशेब. एका रीतीत मावणारे रंग जागचे हलत नाहीत आणि न मावणारे सगळे वडवणीच्या एसटीतल्यासारखे दाराशी एकमेकांवर कोंबले जातात. कापडाचा गुलाबी आणि दोऱ्याचा गुलाबी, दोघे एकाच पायरीवर. दुसऱ्या रीतीत सगळी गाडी सरकून बसते. प्रत्येकाला थोडी अडचण, पण प्रत्येकाला जागा.

मी दुसरी रीत निवडली. भारनियमनामुळे रोज बाराला लाइट जायची आणि बाराला दहा मिनिटं होती. कागद सरकला. आधी एक चोच. मग एक शेपूट. "आला, आला, मावशी, दुसरा आला," मी नाचतच सांगत होते आणि त्या मोजत होत्या. अकरा भरले. गुलाबी थोडा उतरला होता, लेकीच्या तोंडावरचं तेजही कणभर गेलं होतं. मला त्याचं काय!

मावशींबरोबर मीही दुकानात गेले. राहवेचना. साडीवाल्यानं चष्मा चढवला. "रंग फिका वाटतोय," तो म्हणाला. माझं डोकं सणकलं. त्याला पडदा, शाई आणि एसटी सगळं ऐकवणार, तोच मावशींनी कागदावर बोट टेकवलं.

"रंग तुमच्या कापडाचा ऱ्हाईल. तुमी काम बघा."

तो वाकला आणि तोंडातल्या तोंडात मोजू लागला. अकरावर थांबून म्हणाला, "एका शेल्याला किती दिवस लागतात?" मी मावशींचा हात असा दाबला की त्या कळवळल्या.

परत आल्यावर त्या स्टुडिओच्या कोपऱ्यात गेल्या आणि मी भिरकावलेला बोळा उचलून आणला.

"तो बिघडलाय, मावशी. त्यात राघू नाहीत."

"राघू दुकानात गेले. ह्यात माझ्या लेकीचं तोंड हाय तसं हाय."

मला नवी प्रत काढून द्यायची होती, पण लाइट गेली होती. मावशी बाकावर बसल्या आणि तो कागद मांडीवर घेऊन तळहातानं सपाट करत राहिल्या.