पिशवीतली प्रार्थना

आज ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सुनंदाताईंचा हात डब्याच्या झाकणावर थांबलेला दिसला आणि मला हसू आलं. त्या माझी प्रार्थना होण्याची वाट पाहत होत्या.

जेवणाआधी प्रार्थना करायची आमच्या घरची सवय. ऑफिसात मात्र मी ती लपवत आले होते. चमचा शोधायच्या निमित्ताने पिशवीत डोकं घालायचं आणि तिथेच डोळे मिटायचे. कुणी हसलं तर, ही धास्ती.

काल ताईंनी विचारलंच. "काय गं, रोज चमचा हरवतो तुझा?"

"नाही, ताई. प्रार्थना करते."

"पिशवीत? आणि म्हणतेस तरी काय?"

माझी शाळा इंग्रजी, पण ही प्रार्थना मला पप्पांच्या मराठीतच येते. मी पुटपुटले, "प्रभू, या अन्नासाठी तुझे आभार. ज्या हातांनी ते रांधलं, त्यांना आशीर्वाद दे."

ताईंनी विचारलं, "म्हणजे माझी भाजी घेतेस, तेव्हा मलासुद्धा?"

"हो."

"बघा! आमच्या घरात भाजी बरी झाली एवढंही कुणी म्हणत नाही."

आपली श्रद्धा दुसऱ्याला सांगायला मोठं धाडस लागतं, असं मला वाटायचं. मला तर पिशवीतून डोकं वर काढण्याएवढंच पुरलं.

आज मी डोळे मिटणार, तेवढ्यात ताईंनी आपला डबा माझ्या डब्याला टेकवला. "भरली वांगी आहेत, पहाटे उठून केलीत. आज जरा मोठ्याने म्हण."