पहिला घास

सुशीला म्हणजे काय हे मराठवाड्याबाहेरच्या माणसाला समजावून सांगायचा मला कंटाळा येतो. भिजवून पिळलेले मुरमुरे, हिरव्या मिरचीची फोडणी, डाळव्याचं पीठ, शेंगदाण्याचा कूट, वरून लिंबू. वसमतच्या बसस्थानकासमोर आमचा सुशील्याचा गाडा होता, माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा. एसटीचे कंडक्टर, हळद विकायला आलेले शेतकरी, कॉलेजची पोरं, सगळ्यांची न्याहारी आमच्याकडे.

दादाचा एक नेम होता. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय चाखायचं नाही, आणि मग पहिला घास करणाऱ्याने नाही, दुसऱ्याने खायचा. स्वतःच्या हातचं माणसाला चांगलंच लागतं, असं तो म्हणायचा. एक दिवस तो करायचा, मी चाखायचो. दुसऱ्या दिवशी उलटं. यात देवधर्मापेक्षा शहाणपण जास्त होतं. मुरमुरे भट्टीवरूनच खारे येतात आणि दर पोत्याचा खारेपणा वेगळा. जुन्या पोत्याच्या अंदाजाने मीठ टाकलं की फसगत ठरलेली.

गिऱ्हाईक मात्र यायचं आणि विचारायचं, आज कोणाच्या हातचं? दादाचं म्हटलं की खुश. माझं म्हटलं की, बरं, द्या. मुरमुरे किती पिळायचे हे दादानेच मला हात धरून शिकवलं होतं, तरी माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका बाजाराच्या दिवशी त्याने नवं पोतं फोडलं आणि गडबडीत नेहमीच्या अंदाजाने मीठ टाकलं. नैवेद्य झाला. त्याने प्लेट माझ्यापुढे धरली. पहिल्याच घासाला घसा धरला, इतकं खारट.

"बराबर हाय का?" त्याने विचारलं.

"बराबर हाय," मी म्हणालो.

तासाभरात गाड्याभोवती अर्ध्या टाकलेल्या प्लेटा जमल्या. एका जुन्या कंडक्टरने तर चूळ भरली आणि दादाचा हात बिघडला म्हणाला. तेव्हा दादाने स्वतः एक घास खाल्ला आणि माझ्याकडे बघितलं.

"तू तर चाखलं होतंस," एवढंच म्हणाला.

चहाने जीभ भाजली होती, असं काहीतरी मी पुटपुटलो. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून त्याने प्लेट माझ्यापुढे धरली नाही. त्याच्या त्या अबोल्याशेजारी उभं राहणं मला महिनाभरही जमलं नाही. मी बसस्थानकाच्या फाटकाच्या दुसऱ्या बाजूला माझा गाडा लावला.

मग सुरू झाली आमची चढाओढ. त्याने सोबत ताक द्यायला सुरुवात केली, मी खुर्च्या मांडल्या. तो पहिल्या एसटीच्या आधी शेगडी पेटवायचा, मी त्याच्याही आधी. आज माझं हिंगोलीत दुकान आहे, नरसीच्या रस्त्यावर एक आहे, आणि आता घरी झटपट करायच्या सुशील्याची पाकिटंही निघतात. लोक विचारतात, एवढी चिकाटी आणली कुठून? मी हसून वेळ मारून नेतो. समोर दादा उभा होता म्हणून मी पहाटे उठायला शिकलो, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

दादाचा नेम मी दुकानांतही पाळतो. पण मी स्वतः करतो तेव्हा पंचाईत होते. कामावरची माणसं घास घेतात आणि लई भारी झालंय म्हणतात. मालकाला खारट कोण म्हणणार? दादा म्हणाला असता. त्या एका माणसाची मला रोज सकाळी आठवण येते, आणि शेगडीपाशी उभा असताना फार येते.

मागच्या आठवड्यात मी वसमतला गेलो, मुद्दाम पहिल्या गिऱ्हाइकाच्या आधी. दादाचा गाडा तिथंच आहे. केस पिकलेत, बोटं हळदीने तशीच पिवळी. त्याने नैवेद्य दाखवला आणि प्लेट उचलली. माझा हात आपोआप पुढे गेला होता.

त्याने पहिला घास स्वतःच खाल्ला. सावकाश चावला, कढईत अर्धं लिंबू पिळलं, मग माझ्याकडे वळला.

"पार्सल का इथंच?"

इथंच, मी म्हणालो. बाकड्यावर बसून सगळी प्लेट संपवली. मीठ अगदी बराबर होतं. त्याने विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.