मळ्यावरून उडालेल्या सासूबाई

नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमधली मागची खोली अगदी लहान आहे. तिला एकच खिडकी, पण ती उत्तरेकडची. ऊन कधी आत येत नाही, उजेड मात्र दिवसभर सारखा आणि मऊ असतो. तेवढ्या एका गोष्टीवर मी त्या खोलीला स्टुडिओ म्हणायला लागले. बाकी तिथं स्टुडिओसारखं काही नव्हतं. पडद्याच्या दांडीला अडकवलेली पांढरी चादर, बटर पेपर लावलेल्या टोपलीत एक एलईडी बल्ब, आणि कोपऱ्यात थर्माकोलचे तक्ते. मी अंबडला एका कारखान्यात डिस्पॅचला आहे. मशीनचे भाग येतात तेव्हा त्यांच्याभोवतीचा थर्माकोल, फोम, पुठ्ठे सगळं भंगारात जातं. सुपरवायझरला विचारून मी त्यातलं काहीबाही स्कूटीवर पायाशी ठेवून घरी आणायचे. थर्माकोलचा चंद्र व्हायचा, फोमचे ढग, पुठ्ठ्याची होडी. कॅमेरा म्हणजे माझा मोबाईल. सुट्टीच्या दिवशी बिल्डिंगमधली लेकरं त्या होडीत बसायची, समुद्रात जायची आणि संध्याकाळी खिचडी खायला आपापल्या घरी परतायची.

मग देवळ्याजवळच्या आमच्या गावी सासूबाई कांदा साठवायच्या चाळीच्या पायरीवरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. नाशिकला आणून ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालायला लागेपर्यंत इथंच राहू द्या. घरात मोकळी खोली एकच. चादर उतरली, ढग माळ्यावर गेले, खिडकीजवळ पलंग आला.

ऑपरेशन चांगलं झालं होतं, पण सासूबाईंनी मनातून हात टेकले होते. ज्या बाईला मी कधी दिवसाउजेडी आडवं झालेलं पाहिलं नव्हतं, ती छताकडे बघत पडून राहायची. व्यायाम करवून घ्यायला एक ताई यायच्या. वॉकर समोर ठेवायच्या, समजावायच्या, कधी रागवायच्या. सासूबाई उभ्या राहायच्या, जेमतेम दारापर्यंत जायच्या आणि म्हणायच्या, "बास. आता कुठं जायचं हाय मला?"

नवरा रोज नवीन युक्ती काढायचा. टीव्ही त्या खोलीत नेऊन लावला, गावाकडच्या सगळ्यांना फोन लावून दिले. त्या फोनवर "हाय बरी" म्हणायच्या आणि फोन परत द्यायच्या.

अशात तळमजल्यावरची शेजारीण एक दिवस बाळाला घेऊन वर आली. तिच्या बाळाचे फोटो काढायचं मी केव्हापासून कबूल केलं होतं, आणि दोन दिवसांत ती नवऱ्याच्या बदलीच्या गावी निघणार होती. तसा उजेड घरात दुसरीकडे कुठेच नव्हता. मी सासूबाईंना विचारलं, "आई, तुमच्या खोलीत थोडा वेळ काढू का फोटो? त्रास नाही ना होणार?"

"काढा की. मी काय उठून जाणार हाय?"

पलंगासमोर एक दिवाण होता. त्याच्यावर मी निळी ओढणी पसरली, माळ्यावरचे ढग काढले, कागदाचा एक मोठा फुगा केला. बाळ दूध पिऊन गाढ झोपलं होतं. त्याच्या मुठीत फुग्याची दोरी अडकवली आणि मी स्टुलावर चढून वरून फोटो काढला. शेजारीण खूश होऊन गेली. जाताना म्हणाली, "आजींना पण दाखव ना!" म्हणून मी मोबाईल सासूबाईंच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा मागितला. बराच वेळ बघत राहिल्या.

"हे लेकरू तं उडून राहिलं."

"उडत नाहीये आई, झोपलंय. वरून फोटो काढला की तसं वाटतं."

"ते समजलं मला." त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. "मी बी झोपेलच हाय. मला उडव."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण संध्याकाळी नवरा घरी आल्याआल्या त्यांनी त्यालाही सांगितलं, "मला उडवणार हाय ही." तो माझ्याकडे बघायला लागला. मग तोही उत्साहात आला. "आई, तुला चंद्रावर पाठवतो. चंद्र तयारच आहे."

"चंद्रावर काय हाय? दगडं. मला आपल्या मळ्यावरून ने. सारा जन्म त्याच्यात वाकून गेला. वरून कसा दिसतो ते कधी पाह्यलंच नाय."

दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी मागितलं होतं. मी त्याच आठवड्यात कामाला लागले.

दिवाण पलंगाला जोडून घेतला, त्यापुढे डायनिंगची दोन बाकं लावली. म्हणजे पलंगाएवढा एक मळा आणि त्याच्या आजूबाजूला आणखी थोडी शिवारं बसतील एवढी जागा झाली. तपकिरी ब्लँकेट म्हणजे नांगरलेली जमीन. माझी जुनी हिरवी साडी घड्या घालून अंथरली, ते कांद्याचे वाफे. गव्हासाठी पिवळी ओढणी. विहीर स्टीलच्या वाटीची. काढून ठेवलेल्या कांद्यासाठी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडून पिशवीभर कांद्याची टरफलं आणली. सासूबाई उशाशी टेकून सूचना करत होत्या. "विहीर इकडं नाय, लिंबाच्या अंगाला. आन् लिंब कुठं हाय?" कडुलिंबासाठी कढीपत्त्याची फांदी आली. दोन पायांच्या मधे ठेवायची उशी डॉक्टरांनी सक्तीची केली होती, ती लुगड्याच्या घोळात झाकून गेली. कपाटाच्या डोक्यावरून माळ्यापर्यंत पडद्याची दांडी आडवी टाकली आणि तिला मोबाईल उलटा बांधला. खाली पडू नये म्हणून नवऱ्याने त्याला इतकी चिकटपट्टी गुंडाळली की नंतर सोडवताना कव्हर फाटलं.

फोटो काढला आणि तिघांनी मिळून पाहिला. मळा छान आला होता. सासूबाई त्यात हात सरळ ठेवून, डोळे मिटून पडल्या होत्या.

 त्याच आधी बोलल्या, "ही तं मेलेली बाई दिसते."

नवऱ्याचा चेहरा पडला. आणि सासूबाई हसल्या. पोट धरून हसल्या, ऑपरेशनची जागा दुखायला लागली तरी थांबेनात. मग आम्हीही हसलो. पण मला ते लागलं. आपण काढलेल्या फोटोत माणूस उडतच नसेल तर काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी कंपनीत माझं लक्ष त्यातच होतं. डबा खाऊन बाहेर आवारात उभी होते. काँक्रीटवरून एक काळा डाग सरसर पळत गेला. वर पाहिलं तर घार. घार एकीकडे, तिची सावली दुसरीकडे. मी तिथंच थांबले. उडणाऱ्याची सावली त्याच्या अंगाखाली नसते, ती लांब जमिनीवर पडलेली असते. आमच्या मळ्यावर सासूबाईंची सावलीच नव्हती, म्हणून त्या जमिनीला चिकटल्या होत्या.

घरी येताना मोडक्या छत्रीचं काळं कापड काढून घेतलं. जमिनीवर वर्तमानपत्र टाकून त्यावर मी आडवी झाले, हात पसरले आणि नवऱ्याला पेनाने माझ्याभोवती रेघ मारायला लावली. ती आकृती कात्रीने लहान करत करत कापडाची सावली कापली आणि गव्हाच्या शेतात, सासूबाईंपासून हातभर लांब, ठेवून दिली.

"आता हात पसरा आई. आणि पदर मी वाऱ्यावर सोडते." पदराला खळ घालून, इस्त्री करून, त्याच्या घड्या मी टाचण्यांनी उभ्या केल्या होत्या.

त्यांनी हात पसरले. मग थांबल्या. मुलाकडे वळून म्हणाल्या, "तू जरा भायेर जा."

तो गेल्यावर त्यांनी अंबाड्याला हात घातला आणि आकडे काढून माझ्या हातात दिले. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी त्यांचे केस मोकळे पाहिले नव्हते. पांढरे, अजून दाट, कमरेपर्यंतचे. मी ते वाफ्यांवर मागे पसरवले, वाऱ्याने उडतील तसे. त्या म्हणाल्या, "वारं असलं की केस तोंडावर बी येतात." आणि एक बट स्वतःच गालावर ओढून घेतली.

स्टुलावर चढून मी बटण दाबलं. एकदा, दोनदा, मग पुन्हा पुन्हा. कधी त्या हसत होत्या, कधी खाली विहिरीकडे बघत होत्या.

त्यातला एक फोटो असा आला की मी तो त्यांना लगेच दाखवलाच नाही. आधी स्वतः बघत बसले. खाली मळा, विहीर, कढीपत्त्याचा लिंब, बांधावर टरफलांचा तांबूस ढीग. गव्हावरून धावणारी एक सावली. आणि सगळ्याच्या वर, पदर पसरून, केस सोडून, दात दिसतील इतकं हसत निघालेली एक बाई. ती पडलेली नव्हती. ती निघाली होती.

सासूबाईंनी फोटो पाहिला. "हां," एवढंच म्हणाल्या. मग बाहेर हाक मारली, "ये रे आता आत. बघ तुझी माय."

नवऱ्याने फोटो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. त्या संध्याकाळी फोन खाली ठेवायला सवड मिळाली नाही. "हाय बरी" म्हणून फोन परत देणाऱ्या सासूबाई आता एकेकीला विहिरीची वाटी कशी बसवली ते सांगत होत्या.

पुढचा फोटो समुद्राखालचा ठरला. मी बाहेरच्या खोलीत पुठ्ठ्याचे मासे कापत बसले होते, आणि मागून खट खट आवाज आला. वॉकर घेऊन त्या दारात उभ्या होत्या. "इतका लहान मासा? हा कोणाला पुरल?" म्हणत येऊन खुर्चीवर बसल्या. व्यायामाच्या ताई दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं, तर त्यांचा विश्वासच बसेना.

मग आमच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी खाली हॉर्न वाजला. कांदा बाजार समितीत नेतात ती गावची पिकअप, आणि तिच्यात बायाच बाया. आजारी माणसाला भेटायला आलो म्हणाल्या. पण प्रत्येकीच्या हातात पिशवी, आणि पिशवीत ठेवणीतली साडी.

सासूबाईंची मोठी जाऊ सगळ्यांत पुढे होती. तिने खोलीत येऊन बाकं पाहिली, दांडी पाहिली, आणि आपल्या अहिराणीत स्पष्टच म्हणाली, "माले बी उडनं शे."

तो दिवस मी विसरणार नाही. सासूबाई खुर्चीत बसून हुकूम सोडत होत्या. एकीला धाकट्या दिराची बुलेट चालवायची होती, आयुष्यभर ती कुठल्याही गाडीवर मागेच बसली होती. पुठ्ठ्याचं हँडल केलं, दोन चाकांना दोन पराती. एकीला हत्तीवर बसायचं होतं, तर करड्या गादीचा हत्ती केला आणि सोंडेला पायमोजा लावला. सासूबाईंच्या मोठ्या जाऊबाई आमच्या मळ्यावरून उडाल्या नाहीत. "तिचा मळा तिला. माझा मला करून दे," म्हणाल्या, मग गहू काढून तिथं डाळिंबाची झाडं लावली. स्वयंपाकघरात दोघीतिघींनी पिठलं-भाकरी टाकली होती. एक जण साडी नेसत होती, दुसरी टाचण्या शोधत होती, आणि जिन्यापर्यंत हशा ऐकू जात होता.

शेवटी एक गप्प बाई उरली. सून असताना तिने सासरची सगळी उस्तवार केली, आता स्वतःच्या सुनेकडची नातवंडं सांभाळते. मी विचारलं, "मावशी, तुम्हाला कुठं जायचं?"

ती लाजली. "कुठं नाय. मला झोपायचंय. कोणी उठवायचं नाय."

तिला आम्ही फोमच्या ढगांवर झोपवलं, थर्माकोलचा चंद्र उशाला दिला. मी फोटो काढले आणि म्हणाले, "झालं मावशी, उठा." ती उठली नाही. खरोखरच झोपली होती. सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं, सगळ्या पावलं न वाजवता बाहेर गेल्या आणि पिकअप तिच्यासाठी चांगली अंधार पडेपर्यंत थांबली. जायच्या वेळी ती स्वतःच उठून आली. तोंडावर उशीचा वळ होता. म्हणाली, "लय बरं वाटलं."

सासूबाईंना काठीवर चालता यायला लागलं तेव्हा आम्ही त्यांना गावी सोडायला गेलो. वेशीजवळ नवऱ्याने गाडी हळू केली, मग थांबवलीच. आमच्या वेशीवर कायम कोणा ना कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स असतो. त्या दिवशी तिथं सासूबाई होत्या. दोन बांबूंच्या मधे, केस सोडून, मळ्यावरून उडणाऱ्या. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, "गावात हार्दिक स्वागत."

मला धडकी भरली. मोबाईलवर बघणं वेगळं, पण मोकळ्या केसांचा फोटो असा वेशीवर, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांसमोर. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. त्या गाडीतून उतरल्या. काठी टेकत, कोणाचा हात न धरता, फ्लेक्ससमोर जाऊन उभ्या राहिल्या. पारावरची माणसं उठून आली. बाया आल्या. सासूबाईंनी मान वर करून स्वतःला नीट पाहून घेतलं.

"झकास," त्या म्हणाल्या. मग काठीने खालचा कोपरा दाखवला. "हे वाच."

मी वाकून पाहिलं. तिथं बारीक अक्षरांत छापलं होतं, "फोटो : घरच्या सूनबाई."

"मीच सांगितलं होतं लिहायला," त्या म्हणाल्या. "फोनवरून. फ्लेक्स लावणारी पोरं पयले विसरली होती, पुन्हा छापायला लावलं."

 मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी मला मधेच दंडाला धरून उभं केलं आणि जमलेल्या लोकांकडे तोंड करून वळवलं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

सासूबाईंच्या मोठ्या जाऊबाई गर्दीतून पुढे आल्या. "आन् माझा फ्लेक्स कधी लावता?"

"तुझं हाड मोडलं का?" सासूबाई म्हणाल्या. "नाय ना? मग नंबर लाव." आणि काठी आपटत घराच्या वाटेला लागल्या. आम्ही सगळे त्यांच्या मागे.