ग्रहणाचं दान

पातळ माझ्या तोंडावर येऊन पडलं. जुनं, कुबट, पदराला भोकं पडलेलं. फेकणारा माणूस ओट्यावर उभा होता, कमरेला ओला पंचा, उघड्या अंगावर जानवं. ते आमचे विज्ञानाचे सर होते.

मी आठवीत होते. त्या वर्षी ऐन दिवाळीत सूर्यग्रहण आलं आणि मी आईबरोबर पंचवटीत दान मागायला गेले होते. आम्ही मांग. हल्ली सगळे साळसूदपणे विसरल्यासारखं करतात, म्हणून सांगते. सूर्याला गिळणारे राहू-केतू म्हणे आमच्या जातीचे. मांगाला दान दिलं की ते सूर्याला सोडतात. म्हणून आमच्या बायका ग्रहणात गल्लोगल्ली ओरडत फिरायच्या, "दे दान, सुटे गिराण." लोक लांबूनच धान्य टाकायचे, चिंध्या टाकायचे आणि लगेच अंघोळीला पळायचे.

सुट्टी लागायच्या आधी ह्याच सरांनी वर्गात ग्रहण शिकवलं होतं. खिडक्या लावून घेतल्या. बॅटरी म्हणजे सूर्य, चेंडू म्हणजे चंद्र. चेंडू धरायला मला उठवलं. माझ्या हातातल्या चेंडूची सावली पृथ्वीच्या गोलावर पडली आणि सर म्हणाले, "राहू नाही, केतू नाही. नुसती सावली." मला काय वाटलं असेल? माझ्या आईवरचा, आजीवरचा, सगळ्या वस्तीवरचा आळ ह्या माणसानं एका वाक्यात पुसून टाकला. राहू नाही, म्हणजे आम्हीही सूर्याचे चोर नाही. त्या रात्री मला आनंदानं झोप लागली नाही.

सरांनी आणखी एक सांगितलं होतं. ग्रहणात झाडाखाली बघा, पानांच्या फटींतून पडणारे उन्हाचे गोल ठिपके चंद्रकोरीसारखे दिसतील. त्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी कडुनिंब होता. त्याच्याखाली सगळीकडे कोरीच कोरी. जमिनीवर, आईच्या पाठीवर, झोळीवर.

"आये, बघ. सर बोलले तसंच झालंय."

"बघून पोट भरतं व्हय? चल लवकर, गिराण सुटंल."

आणि मग तो ओटा. ते पातळ. सरांनी मला ओळखलं, नजर जरा अडखळली. मी म्हणाले, "सर, ती नुसती सावली होती ना?"

"शाळेतलं शाळेत. हे घर आहे. घे ते आणि पायरी सोड."

आम्ही जिथं उभ्या होतो त्या फरशीवर त्यांनी तांब्यातलं पाणी ओतलं. माझ्या पायांवरून वाहत गेलं ते. मला शिसारी आली. रामकुंडात बुडी मारणाऱ्या म्हातारीची मला कधी किळस वाटली नाही. तिला जे सांगितलं ते ती मानते. ह्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून पंचा गुंडाळून उभे होते.

मी पातळाचा बोळा केला आणि त्यांच्या ओट्यावर, त्यांच्या पायाशी ठेवला. सर मागे सरकले. त्यांना तो उचलता येईना, की ओलांडता येईना. आईनं भर गल्लीत माझ्या थोबाडीत दिली. "आपला हक्क हाय त्यो! सणाला काय माती खायची?" तिचंही खरं होतं. तिच्या झोळीत तोवर थोडीशी बाजरी होती, बस.

शाळा उघडल्यावर सरांनी उजळणी घेतली. मलाच उठवलं. "ग्रहण का होतं?"

मी म्हणाले, "वर्गातलं उत्तर सांगू, का तुमच्या ओट्यावरचं?"

सरांचे कान लाल झाले. म्हणाले, "फार शहाणी झालीस. विज्ञान आज एक म्हणतं, उद्या दुसरं. सिद्धान्त बदलतात. धर्म बदलत नाही. बस खाली."

मी बसले नाही. तास संपेपर्यंत उभी राहिले.

ते वाक्य मी पुढे वर्षानुवर्षं चघळलं. खरंच बोलले होते सर. सिद्धान्त बदलतात. कुणी चूक दाखवली की बदलावंच लागतं त्यांना. ह्यांच्या धर्माला आमच्या किती पिढ्यांनी ओरडून चूक दाखवली असती, तर तो आमच्याबद्दल बदलला असता? मी सिद्धान्ताची भक्त नाही. झाडाखाली जाऊन बघितलं, पटलं, म्हणून मानते. उद्या चुकला तर टाकून देईन, आणि त्यासाठी मला कुणी पायरी सोडायला सांगणार नाही.

पुढचं मोठं ग्रहण आलं तेव्हा मी कॉलेजात होते. आईनं झोळी काढली. मी दारात आडवी झाले.

"आये, तू गेलीस तर मी आजपासून कॉलेज सोडलं."

"आगं, न्हाय गेलो आन् सूर्य न्हाय सुटला तर? लोक आपल्याला धरतील."

तिच्या तोंडून हे ऐकलं आणि मला रडू फुटलं. सरांनी फेकलेल्या पातळापेक्षा हे जास्त लागलं. इतकं आत घातलं होतं दान टाकणाऱ्या लोकांनी. वस्तीत घरोघरी जाऊन मी हात जोडले, भांडले, शिव्या खाल्ल्या. त्या दिवशी आमच्या वस्तीतून एकही बाई बाहेर पडली नाही. आई दारात बसून ढगांकडे बघत होती.

पेपरात दिलेल्या वेळेला ग्रहण सुटलं. आम्ही हाक न मारता सुटलं. आई म्हणाली, "म्हंजी आजवर आमी उगाच वरडलो."

उगाच नाही, आये. तुम्हाला ओरडायला लावलं. आता पंचवटी काळोखात बुडाली तरी आमच्यातलं कुणी तिच्या दाराशी जाणार नाही.